जोडप्याच्या सहलीला दोन विहिणी

माझी लेक तीन आठवड्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "थोडे दिवस राहते गं." पहिल्या बॅगेत नेहमीचे कपडे होते, म्हणून मी खूश झाले. दुसऱ्या बॅगेतून स्वेटर निघाले तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. थंडीला अजून चांगला अवकाश होता.

"भांडलात का?" मी विचारलं.

"नाही गं. आम्ही कुठे भांडतो?"

हे मात्र खरं होतं. चार वर्षांत त्या दोघांचा एकमेकांवर चढलेला आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे कौतुकाने सांगायचे. आमचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मी तपासते, फ्रेम आमचे हे विकतात आणि भांडणं आम्ही दोघं मिळून करतो. त्यामुळे न भांडणारं जोडपं म्हणजे मला अगदी अपूर्वाईची गोष्ट वाटायची.

मग झालं तरी काय? लेक ताकास तूर लागू देईना. एकदा भांडी पुसताना एवढंच म्हणाली, "आई, तो कधीच कशाला नाही म्हणत नाही. त्याला काय हवंय तेच मला कळत नाही." मी म्हटलं, "असला नवरा असेल तर मला पाठवून दे, माझा तू घेऊन जा." मी हसले. ती फडकं ठेवून आत निघून गेली. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं.

त्यातून त्यांच्या लग्नाचा वाढदिवस उजाडला. सकाळी शुभेच्छा द्यायला तोंड उघडलं आणि ऐन वेळी "चहा घेणार का?" असं विचारून बसले. तिने चहा घेतला आणि म्हणाली, "आई, आज दुपारी एक टूर आहे. खाजगी. गाईड शहर दाखवतो, शेवटी वाईन आणि चीज चाखायला देतात. मला जमणार नाही. तू जा."

"आणि बाबा?"

"एकच जागा आहे गं."

ज्या शहरात मी जन्मले, चष्मे विकले, म्हातारी झाले, ते शहर मला गाईड काय दाखवणार? आणि वाईन मी आयुष्यात दोनदा प्यायलेली, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात. पण तिच्या तोंडाकडे बघून मी मुकाट्याने बरी चप्पल शोधायला गेले.

कारंज्यापाशी जमायचं होतं. तिथे पोचले तर समोर कोण? आमच्या विहीणबाई! जावयाची आई. सुती साडीला कडक इस्त्री, हातात छत्री, चेहऱ्यावर तेच मंद हसू. विहीणबाई दातांच्या डॉक्टर आहेत. आयुष्यभर लोकांना "थोडंसंच दुखेल हं" म्हणून म्हणून त्यांचा आवाज कायमचा तसाच झालाय. त्यांनी नुसतं "कशा आहात?" विचारलं तरी मी जबडा घट्ट मिटते.

आमचं नातं अतिशय चांगलं. म्हणजे इतकं चांगलं की त्या येणार म्हटलं की मी आदल्या दिवशीपासून राबते. साखरपुड्याला मी सफरचंदाचा केक केला होता. त्यांनी डोळे मिटून "वा!" म्हटलं आणि दुसरा तुकडा मागून घेतला. तेव्हापासून त्या आल्या की सफरचंदाचा केक. सफरचंदं सोलून किसून माझी बोटं काळी पडतात, पण विहीणबाईंना आवडतो म्हटल्यावर करणार काय? मी लेकीलाही लग्नात ओव्हन दिला आणि केकची कृती शिकवून पाठवली. विहीणबाईंनी पहिल्या भेटीत मला चिनीमातीचं बदक दिलं होतं. मी म्हटलं, "अय्या, किती गोड!" आता माझ्या कपाटात बदकांचा थवा आहे. आमचे हे म्हणतात, कपाट उघडलं की आवाज येतो.

"तुम्ही इकडे?" त्या म्हणाल्या.

"मी इकडे. आणि तुम्ही?"

"मुलाने टूर दिली. त्याला जमत नव्हतं."

"मलाही लेकीने दिली. तिला जमत नव्हतं."

दोघी हसलो. माझ्या डोक्यात मात्र चक्रं सुरू झाली. यांना माहीत आहे का? लेक माझ्याकडे आहे हे यांना ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर यांनी बोलावं. ठाऊक नसेल तर मी कोण सांगणारी?

"मुलं मजेत ना?" मी हळूच खडा टाकला.

"मजेत! परवाच दोघं जेवायला आली होती आमच्याकडे."

मी बघतच राहिले. परवा लेक माझ्यासमोर बसून जेवली होती. मग ही दुसरी कोण जेवली यांच्याकडे? की लेक माझ्या नकळत जाऊन आली? परवा तिला यायला उशीर झाला होता खरा. दोन ठिकाणी जेवली की काय? आणि मग, देव जाणे का, माझ्याही तोंडून निघालं, "हो का? आमच्याकडे काल आली होती दोघं."

आता विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

एवढ्यात गाईड आला. पन्नाशीचा, गोल पोटाचा माणूस, गळ्यात माइक, कमरेला छोटा स्पीकर. माणसं आम्ही दोनच, दोन हातांवर उभ्या, तरी त्याने माइकमध्ये फुंकर मारली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" आणि पाठीमागून फुलांचा गुच्छ काढून आमच्यापुढे धरला.

मी विहीणबाईंकडे बघितलं, विहीणबाईंनी माझ्याकडे. गाईड आमच्या दोघींकडे बघून इतकं प्रेमाने हसला, की त्याचा काय समज झालाय ते मला लख्ख कळलं. मी तोंड उघडणार, तोच विहीणबाईंनी त्यांच्या त्या आवाजात म्हटलं, "थँक्यू हं," आणि गुच्छ घेतला.

"अहो, त्याला सांगा ना!" मी कुजबुजले.

"असू दे हो. किती आनंदाने आणलाय बिचाऱ्याने."

झालं. आता सांगायची वेळ निघून गेली. गुच्छ घेतल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार, की आम्ही विहिणी आहोत? अशा रीतीने त्या दुपारी मी आणि विहीणबाई जोडपं म्हणून शहर बघायला निघालो.

त्या गुच्छाने माझ्या डोक्यात एक उजेड मात्र पडला होता. टूर मुलांनी स्वतःसाठी ठरवली होती, आजच्या दिवसासाठी. कधीतरी, सगळं ठीक असताना. मग ठीक राहिलं नाही, आणि दोघांनी आपापली जागा आपापल्या आईला देऊन टाकली. एकमेकांना न विचारता.

गाईडने आम्हाला किल्ला नाही दाखवला, की राजवाडा नाही. मुलांनी टूर ठरवताना लिहून दिलेल्या जागांचा कागद त्याच्या हातात होता. तो आम्हाला घेऊन गेला एका लाँड्रीत, नाणं टाकून कपडे धुवायच्या. यंत्रं गरगरत होती, साबणाचा वास येत होता, एक बाई बाकावर डुलक्या घेत होती. गाईड माइकमध्ये म्हणाला, "ही इमारत पूर्वी चामड्याचा कारखाना होती. आणि इथेच," त्याने आदराने आवाज खाली आणला, "तुम्ही पहिल्यांदा भेटलात. एकाने दुसऱ्याचे ओले कपडे आपले समजून घरी नेले."

"हो का?" विहीणबाई म्हणाल्या. मग सावरून, "हो, हो."

मला तर सांगितलं होतं, मित्राच्या घरी ओळख झाली! मी लाँड्रीतल्या त्या यंत्राकडे बघत राहिले. माझी लेक दुसऱ्याचे ओले कपडे घरी घेऊन जाते, परत आणते, त्यातून तिचं लग्न ठरतं, आणि मला यातलं काही माहीत नाही.

तिथून एका बसथांब्यावर. बाक नाही, छप्पर नाही, नुसता खांब. "इथे तुम्ही शेवटची बस मुद्दाम सोडलीत," गाईड म्हणाला, "आणि चालत घरी गेलात. बरंच लांब असणार." विहीणबाईंनी खांबाला हात लावला. लावला आणि काढलाच नाही. त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले. मी डोळ्यांची माणूस आहे, मला दिसतातच.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. धूळ."

काही नाही! हे दोन शब्द ऐकून तीन आठवडे माझे कान किटले होते. माझं डोकं तापलं. पण गाईड माइक घेऊन मध्ये उभा होता, आणि त्याच्या लेखी आम्ही सुखी होतो.

शेवटी वाईनच्या दुकानाच्या तळघरात उतरलो. गार हवा, भिंतीशी लाकडी पिंपं, एकच लहान टेबल, दोन खुर्च्या, फीत बांधलेले दोन ग्लास. फळीवर चीजचे तुकडे, आणि मधोमध पितळेचं एक मोठं भांडं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"थुंकायला," गाईड माइकमध्ये म्हणाला. तळघरात ते घुमलं.

"पिकदाणी?"

"हो. चव घेणारे जाणकार गिळत नाहीत. आवडलं तर गिळा, नाही आवडलं तर इथे थुंका. कोणी वाईट वाटून घेत नाही. पण खरं सांगू? माझी इतकी वर्षं झाली, जोडप्यांपैकी कोणी थुंकत नाही. सगळे गिळतात आणि छान म्हणतात."

मग त्याने खेळ सांगितला. एकमेकींच्या समोर बसून एकीने दुसरीसाठी निवडायचं, तिला काय आवडेल ते. मी विहीणबाईंसाठी सगळ्यात गोड वाईन आणि मऊ पांढरं चीज निवडलं. गोड आवडतं ना त्यांना! त्यांनी माझ्यासाठी निवडलं निळ्या बुरशीचं चीज. बुरशीच्या रेघा नुसत्या दिसत नव्हत्या, दरवळत होत्या.

"तुम्हाला झणझणीत आवडतं ना," त्या म्हणाल्या.

मी तुकडा तोंडात टाकला. ओल्या मोज्यासारखा वास डोक्यात चढला. डोळ्यांतून पाणी आलं. विहीणबाई मान वाकडी करून, मंद हसत माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्या जिभेवर शब्द तयार होता, छान. चार वर्षं तो तिथे तयारच होता.

आमच्या धंद्यात एक गिऱ्हाईक फार वाईट. डोळ्यापुढे भिंग बदलून मी विचारते, "हे बरं दिसतंय, की हे?" आणि ते म्हणतं, "दोन्ही छान आहेत." मला बरं वाटावं म्हणून म्हणतं. चुकीचा चष्मा घेऊन जातं आणि महिनाभर कपाळ दाबत बसतं, पण तक्रार करायला येत नाही. त्या लोकांचा मला मनस्वी राग येतो. त्या क्षणी मी स्वतः त्या खुर्चीत बसले होते.

मी पितळेचं भांडं ओढलं आणि थुंकले.

"नाही आवडलं!" मी ओरडले. "घाण आहे! आणि मला बदकंही आवडत नाहीत!"

विहीणबाईंचं हसू तिथल्या तिथे थिजलं. गाईडने माइक हळूच बंद केला.

"बदकं?" त्या म्हणाल्या.

"एक ठीक होतं हो! थवा कशाला?"

विहीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. मग पहिल्यांदा त्यांचा दुसरा आवाज ऐकला मी. खणखणीत. "आणि तुमचा तो केक? शिजलेलं सफरचंद मला बघवत नाही! लहानपणी आजारी पडले की तेच भरवायचे. दरवेळी तुमच्याकडून घरी जाऊन मी तोंड धुते!"

"मग दुसरा तुकडा कोणी मागितला होता?"

"पहिला लवकर संपवला म्हणून तुम्ही ताटलीकडे बघत होतात! मला वाटलं, मागितला नाही तर वाईट दिसेल!"

"चार वर्षं सफरचंदं सोलतेय मी!"

"चार वर्षं खातेय मी!"

आता थांबणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "आणि परवा मुलं जेवायला आली होती म्हणे! लेक तीन आठवडे माझ्या घरी आहे, विहीणबाई. स्वेटरांसकट."

त्यांनी गुच्छ ओढून मांडीवर घेतला. खणखणीत आवाज गेला, पण जुना मऊ आवाजही परत आला नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, अंदाज होता. मुलगा सांगतो, ती कामाला बाहेरगावी गेली आहे. आणि मला ती भाजीच्या दुकानात भेटली. तिने विचारलं, कशा आहात. मी म्हटलं, मजेत. मी विचारलं, तू कशी आहेस. म्हणाली, मजेत. आणि गेली हो ती माझ्यासमोरून. मी भाजीची पिशवी धरून तशीच उभी. हाक मारावीशी वाटली, पण म्हटलं, तिला अवघड वाटेल."

"काय झालंय त्यांच्यात?"

"तो म्हणतो काही नाही. फक्त एकदा म्हणाला, आई, तिला माझा कधी रागच येत नाही. मी असलो काय नि नसलो काय."

भांडी पुसताना लेक बोलली होती ते मला आठवलं. त्याला काय हवंय ते मला कळत नाही. मी तिला हसले होते. मला रडू यायला लागलं, आणि ते वाईनमुळे होतं असं मी म्हणणार नाही. मी एक घोटही घेतला नव्हता.

"आम्ही आहोत विहिणी," विहीणबाई गाईडला म्हणाल्या. "जोडपं नाही."

"अहो, मला वाटलंच," गाईड म्हणाला. "पण तुम्ही गुच्छ घेतलात."

वर आलो तर दुकानाच्या दाराच्या एका बाजूला माझी लेक उभी, दुसऱ्या बाजूला जावई. आपापल्या आईला घ्यायला आलेले. मध्ये रस्त्यावरच्या अनोळखी माणसांत असतं तेवढं अंतर. दोघांनी आम्हाला एकत्र बघितलं आणि दोघांचेही चेहरे पडले. पण लगेच सावरले.

"तू आईला घेऊन या टॅक्सीने जा," जावई समोर थांबलेली टॅक्सी दाखवत म्हणाला. "मी दुसरी बघतो."

"नको, तूच घे ही. आम्हाला घाई नाही."

"नाही, खरंच, तू घे."

टॅक्सीवाला कंटाळून निघून गेला. मला तिथेच फुटपाथवर बसकण मारावीशी वाटली.

"जावईबापू," मी म्हटलं, "माझा सफरचंदाचा केक तुम्हाला आवडतो का?"

"हो, खूप," तो म्हणाला. एवढ्या वेळात विचार करायलाही सवड मिळाली नसेल त्याला.

"खोटं बोलतोय," विहीणबाई म्हणाल्या. "माझाच मुलगा आहे. शिजलेलं सफरचंद लहानपणापासून बशीखाली लपवायचा."

लेकीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तुला आवडत नाही?"

त्याने टॅक्सी गेली त्या दिशेला बघितलं. मग म्हणाला, "तसं नाही, म्हणजे, चालतो."

"दर रविवारी करते मी!" लेकीचा आवाज चढला. मी दचकले. "चार वर्षं दर रविवारी! सकाळी उठून सफरचंदं किसते! मला स्वतःला तो केक अजिबात आवडत नाही!"

हे मला नवीन होतं, पण माझ्याकडे कोण बघतंय?

"मग करतेस कशाला?" तो म्हणाला. मोठ्याने. फुटपाथवरून जाणारा एक माणूस थांबला.

"तुला आवडतो म्हणून!"

"मी कधी म्हटलं?"

"तू कधी काहीच म्हणत नाहीस! मी बॅग भरत होते तेव्हा काय म्हणालास? दुसरी बॅग देऊ का, म्हणालास! दुसरी बॅग!"

"मला वाटलं तुला जायचंच आहे!"

"मला थांबवायला हवं होतंस, गाढवा!"

गाढवा! माझ्या लेकीने नवऱ्याला भर रस्त्यात गाढव म्हटलं! विहीणबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. गाईड दारातून डोकावत होता, गळ्यातला माइक दोन्ही हातांनी दाबून. ती दोघं बोलत बोलत, म्हणजे ओरडत ओरडत, चालायला लागली. आम्हाला घ्यायला आली होती हे दोघंही विसरली. वळणापाशी लेकीने मागे वळून बघितलं आणि माझ्यावरही खेकसली, "आई, तू जा घरी! वाट बघू नकोस!"

वाट बघू नकोस म्हणजे काय? उशीर होईल, की येणारच नाही? आणि त्या दोन बॅगा? मी विहीणबाईंना विचारलं, "हे मिटलं, की आणखी बिघडलं?"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या एका हातात तो गुच्छ अजून होता, देठ पार चुरगळलेले. "दात असता तर सांगितलं असतं."

ती दोघं वळणावरून उजवीकडे गेली की डावीकडे, माझ्या घराकडे की त्यांच्या, ते माणसांच्या गर्दीत मला दिसलं नाही. पण लेकीचा आवाज येत होता. मी आणि विहीणबाई तो कमी कमी होत पार ऐकू येईनासा होईपर्यंत तिथेच उभ्या होतो.